‘तुझे राज्य येवो’: देवाचं राज्य पृथ्वीवर येणार म्हणजे कसं येणार?

वाटसरू

ख्रिस्ती माणसाची शेवटची आशा काय, असं विचारलं की बहुतेकांच्या तोंडी एकच उत्तर येतं: मेल्यावर आत्मा स्वर्गात जातो. बाहेरच्यांचा तसा समज आहेच, चर्चमध्ये लहानाचे मोठे झालेल्या अनेकांचाही आहे. पण येशूने शिष्यांना शिकवलेल्या प्रार्थनेत ‘आम्हाला वर ने’ असं मागणंच नाही. ‘तुझे राज्य येवो. जसे स्वर्गात तसे पृथ्वीवरही तुझ्या इच्छेप्रमाणे होवो,’ असं आहे. बायबलचं शेवटचं पुस्तक प्रकटीकरण. त्याच्या २१व्या अध्यायात माणसं ढगांच्या वर निघून जात नाहीत. नवी यरुशलेम स्वर्गातून खाली उतरते आणि देव माणसांच्या वस्तीत राहायला येतो. या एका गोष्टीवर सविस्तर बोलावं म्हणून हा धागा.

माझं मत आधीच मांडतो, म्हणजे वाद घालायला सोपं जाईल. राज्य देव आणतो, माणूस नाही. ते या पृथ्वीवरच येतं. आणि ते येशूबरोबर सुरू झालंय, पण पुरं व्हायचंय. यातली एक गोष्ट जरी हातातून सुटली, तर माणसं एक तर तलवार उपसतात किंवा हात बांधून आभाळाकडे बघत बसतात. दोन हजार वर्षांत दोन्ही झालंय.

सुरुवात दानीएलच्या पुस्तकापासून करावी लागते. दुसऱ्या अध्यायात नबुखद्नेस्सर राजाला स्वप्न पडतं. सोन्याच्या डोक्याचा, चांदीच्या छातीचा, पितळी पोटाचा, लोखंडी पायांचा एक प्रचंड पुतळा. पावलं लोखंड आणि माती यांची. कुणाचाही हात न लागता एक दगड सुटतो, पुतळ्याच्या पावलांवर आदळतो, पुतळ्याचा भुगा होतो आणि तो दगड वाढत वाढत सगळी पृथ्वी व्यापणारा डोंगर होतो. एकामागून एक साम्राज्यं येणार, जाणार आणि शेवटी देवाचं कधीही न मोडणारं राज्य उभं राहणार, असा त्याचा अर्थ सांगितलाय. परंपरा हे पुस्तक इ.स.पू. सहाव्या शतकातलं मानते. बरेचसे अभ्यासक त्याचं आजचं रूप इ.स.पू. १६५च्या सुमाराचं मानतात, म्हणजे सीरियाचा ग्रीक राजा अंतियोखस चौथा यहुद्यांचा छळ करत होता तेव्हाचं. काळ कुठलाही धरा, ऐकणारे लोक चिरडलेले होते, हे विसरून चालत नाही. राज्याची आशा ही सुखवस्तू लोकांची कल्पना म्हणून जन्मली नाही.

येशूच्या काळी मान रोमच्या टाचेखाली होती. ‘देवाचं राज्य जवळ आलं आहे’ हे वाक्य त्या हवेत कसं ऐकू गेलं असेल याची कल्पना करा. लोकांना दानीएलचा दगड हवा होता. येशूने मात्र त्यांना मोहरीचा दाणा दाखवला, पिठात मिसळलेलं खमीर दाखवलं. मार्कच्या चौथ्या अध्यायातला एक छोटा दाखला मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. माणूस बी टाकतो, रात्री झोपतो, सकाळी उठतो आणि बी आपोआप वाढतं. कसं ते त्याला कळत नाही. पेरणं त्याच्याकडे आहे, वाढवणं नाही. माझ्या मते राज्याबद्दलचा निम्मा वाद या चार ओळींत मिटायला हवा होता.

तो मिटला नाही. पुनरुत्थानानंतरही शिष्य विचारतात, ‘प्रभू, याच काळात तू इस्राएलाचं राज्य परत स्थापणार का?’ (प्रेषितांची कृत्ये, अध्याय १). काळवेळ जाणणं तुमचं काम नाही, तुम्ही साक्षी व्हा, एवढंच तो सांगतो.

मग येतो प्रकटीकरणाचा विसावा अध्याय. सैतानाला हजार वर्षं बांधून ठेवतात आणि मारले गेलेले साक्षीदार जिवंत होऊन ख्रिस्ताबरोबर हजार वर्षं राज्य करतात. ‘हजार वर्षे’ हे शब्द तिथे दोन ते सात या ओळींत सहा वेळा येतात आणि बायबलमध्ये असं हजार वर्षांचं राज्य दुसरीकडे कुठेही नाही. या सहा ओळींवरून ख्रिस्ती जगात तीन मोठे पंथविचार झाले.

पहिला म्हणतो, ख्रिस्त आधी परत येईल आणि मग पृथ्वीवर खरोखर हजार वर्षं राज्य करेल. सुरुवातीच्या शतकांत हा विचार जोरात होता. बिशप इरेनियसने इ.स. १८०च्या सुमारास तो हिरिरीने मांडला. त्याच शतकातला ख्रिस्ती लेखक जस्टिन मार्टरही तेच मानत होता, पण त्याच्या लिखाणातली एक गोष्ट मला फार आवडते. शुद्ध श्रद्धेच्या अनेक ख्रिस्ती लोकांना हे पटत नाही, हे तो मोकळेपणाने मान्य करतो. म्हणजे दुसऱ्या शतकातही या मुद्द्यावरून कुणाला धर्माबाहेर काढत नव्हते.

दुसरा विचार उत्तर आफ्रिकेतला बिशप ऑगस्टिन याचा. ४१०मध्ये अलारिकच्या व्हिसिगॉथ सैन्याने रोम लुटलं आणि ‘जुने देव सोडले म्हणून हे झालं’ अशी ओरड सुरू झाली. ‘देवाचं नगर’ हा त्याचा ग्रंथ त्यातून निघाला, ४१३ ते ४२६ या काळात. त्याच्या विसाव्या भागात तो म्हणतो की हजार वर्षं हा आकडा प्रतीक आहे; ख्रिस्ताच्या पहिल्या येण्यापासून दुसऱ्या येण्यापर्यंतचा सगळा काळ म्हणजे ती हजार वर्षं. पुढे कॅथलिक आणि बहुतेक जुन्या प्रॉटेस्टंट मंडळ्यांनी हेच धरलं.

तिसरा विचार सांगतो की सुवार्ता पसरत जाईल, जग हळूहळू ख्रिस्ताकडे वळेल, शांतीचा दीर्घ काळ येईल आणि त्यानंतर ख्रिस्त येईल. अठराव्या शतकातल्या अमेरिकेत धर्मोपदेशक जोनाथन एडवर्ड्‌सची अशी आशा होती. पहिल्या महायुद्धाने तिचं कंबरडं मोडलं.

मी स्वतः ऑगस्टिनच्या बाजूला झुकतो, पण एका अटीवर. त्याच्या वाचनातून ‘चर्च म्हणजेच राज्य’ असा अर्थ काढून मध्ययुगात जी सत्ता गाजवली गेली, ती मला मान्य नाही.

---

कुतूहल

छान धागा. मी ख्रिस्ती नाही, त्यामुळे प्रश्न बाळबोध वाटला तर सांभाळून घ्या. कलियुगाच्या शेवटी कल्की येतो आणि पुन्हा सत्ययुग सुरू होतं, तसंच हे का? आणि दुसरं, ‘राज्य’ म्हणजे सरकार, सिंहासन, कायदा असं काही, की मनाची अवस्था?

---

वाटसरू

@कुतूहल, प्रश्न अगदी मुळाला हात घालणारा आहे. मोठा फरक असा की इथे चक्र नाही. सत्ययुगानंतर पुन्हा घसरण आहे, पुन्हा कलियुग आहे. ख्रिस्ती श्रद्धेत इतिहास एकदाच घडतो आणि त्याला मुक्काम आहे. इ.स. ३८१च्या विश्वासांगीकारात (चर्चमध्ये म्हटला जाणारा श्रद्धेचा जाहीर उच्चार) ‘त्याच्या राज्याला अंत नाही’ असं म्हटलंय आणि आजही जगभर ते म्हटलं जातं.

दुसऱ्याचं उत्तर: मनात सुरू होतं, पण मनात मावत नाही. येशू आजाऱ्यांना बरं करतो, भुतं काढतो आणि म्हणतो, मी देवाच्या आत्म्याने भुतं काढत असेन तर देवाचं राज्य तुमच्यावर येऊन ठेपलंय (मत्तय १२). शरीर, भूक, कर्ज, अन्याय या सगळ्याशी त्याचा संबंध आहे. ते फक्त आत्म्याच्या शांतीपुरतं असतं तर रोमला त्याला वधस्तंभावर चढवायची गरज पडली नसती. त्याच्या डोक्यावर लावलेली पाटी ‘यहुद्यांचा राजा’ अशी होती.

---

पहाटतारा

वाटसरू, मांडणी अभ्यासपूर्ण आहे, पण पहिल्या विचाराला तुम्ही जुन्या काळात ठेवून पुढे निघून गेलात. आज जगातले कोट्यवधी इव्हँजेलिकल आणि पेंटेकॉस्टल विश्वासणारे तोच मानतात आणि मीही मानतो. म्हणून आमची बाजू सांगतो.

यशयाच्या अकराव्या अध्यायात लांडगा कोकराजवळ राहतो आणि लहान मूल नागाच्या बिळापाशी खेळतं. पासष्टाव्यात शंभर वर्षांचा होऊन मरणाराही तरुणच मेला असं म्हणतील, असं आहे. म्हणजे मरण आहे, पण शांती आहे. ही ना आजची पृथ्वी, ना ती शेवटची नवी पृथ्वी जिथे मरणच उरणार नाही. मग हे वचन कुठे बसवायचं? मध्ये एक खराखुरा राज्यकाळ मानल्याशिवाय ते बसत नाही. ऑगस्टिनसारखं ‘प्रतीक आहे’ म्हटलं की वचन उडून जातं. पहिल्या येण्याबद्दलची भाकितं अक्षरशः पुरी झाली. बेथलेहेम म्हणजे बेथलेहेमच निघालं. मग दुसऱ्या येण्याबद्दलची तेवढी प्रतीकं कशी?

आमची समज अशी: दानीएलच्या नवव्या अध्यायातल्या सत्तर सप्तकांपैकी एकोणसत्तर झाली, सात वर्षांचं शेवटचं सप्तक बाकी आहे. त्याआधी प्रभू आपल्या मंडळीला उचलून घेईल (१ थेस्सलनीकाकरांस, अध्याय ४). मग महासंकट, ख्रिस्तविरोधकाची (शेवटच्या काळात ख्रिस्ताविरुद्ध उभा राहणाऱ्या शत्रूची) सत्ता, हर्मगिदोनची शेवटची लढाई आणि त्यानंतर प्रभूचं यरुशलेमेतून हजार वर्षांचं राज्य. इस्राएलाला दिलेली वचनं देव मोडत नाही. १९४८ साली ते राष्ट्र पुन्हा उभं राहिलं, हे माझ्यासारख्याला योगायोग वाटत नाही.

आणि आभाळाकडे बघत हात बांधून बसण्याबद्दल. वेळ थोडा आहे असं मानणाऱ्यांनीच अनेकदा घरदार सोडून परक्या देशांत आजाऱ्यांची सेवा केलीय. ज्याला राजा दाराशी आहे असं वाटतं तो झोपत नाही.

---

इतिहासवेडी

पहाटतारा, तुमचा शेवटचा परिच्छेद मनापासून पटला. यशया ६५चा मुद्दाही वजनदार आहे, त्याला वाटसरूंनी उत्तर द्यायला हवं.

फक्त एक भर. तुम्ही सांगितलेला क्रम, विशेषतः महासंकटाआधी मंडळीचं उचललं जाणं, हा इरेनियसचा विचार नाही. इरेनियसच्या मते मंडळी ख्रिस्तविरोधकाच्या छळातून जाणार होती. तुमचा क्रम १८३०च्या दशकात जॉन नेल्सन डार्बी यांनी मांडला. ते प्लिमथ ब्रदरन पंथाचे. पुढे १९०९मध्ये स्कोफील्ड यांचं टीपांसह बायबल निघालं आणि त्याच पानावर वचनाखाली टीप वाचता वाचता हा क्रम घराघरांत पोचला. कल्पना नवी म्हणून खोटी ठरत नाही. पण ‘सुरुवातीपासून सगळे हेच मानत आले’ असं म्हणता येत नाही. विसाव्या शतकात जॉर्ज एल्डन लॅड यांच्यासारखे अभ्यासक हजार वर्षांचं राज्य मानत होते, पण डार्बींचा क्रम त्यांना मान्य नव्हता.

आता माझ्या आवडीच्या विषयाकडे. वाटसरूंनी ‘तलवार उपसतात’ एवढंच लिहून सोडलं, ते प्रसंग सांगायलाच हवेत.

बाराव्या शतकात फियोरेचा मठाधिपती योआकिम (मृत्यू १२०२) याने इतिहासाचे तीन कालखंड पाडले: पित्याचा, पुत्राचा आणि पवित्र आत्म्याचा. तिसरा यायचा होता. त्याच्या पश्चात अनुयायांनी १२६० हे साल धरलं. साल आलं आणि गेलं, पण ‘शेवटचं युग आपल्या डोळ्यांसमोर उगवणार’ ही ठिणगी युरोपात राहिली.

१५२५मध्ये थॉमस म्युंत्सर जर्मन शेतकऱ्यांबरोबर फ्रांकेनहाउझेनच्या लढाईत उतरला. शेतकऱ्यांची मागणी न्याय्य होती, हे मी ठामपणे म्हणेन. ते भरडले जात होते. पण देव आज, इथे, आपल्या बाजूने चमत्कार करणार या भरवशावर हजारो लोक राजेरजवाड्यांच्या तोफांसमोर उभे राहिले आणि कापले गेले. म्युंत्सरचं डोकं उडवलं.

आणि मग मुन्स्टर. फेब्रुवारी १५३४मध्ये पुनर्बाप्तिस्मावाद्यांनी (मोठेपणी पुन्हा बाप्तिस्मा घ्यावा असं मानणाऱ्या पंथाने) हे जर्मन शहर ताब्यात घेतलं आणि हीच नवी यरुशलेम असं जाहीर केलं. मालमत्ता सामाईक केली. यान माथाइसने त्या वर्षीच्या ईस्टरला न्याय होईल असं सांगितलं होतं. त्या दिवशी तो मूठभर माणसं घेऊन वेढा घालणाऱ्यांवर चालून गेला आणि मारला गेला. त्याच्यानंतर लायडनचा यान राजा झाला. मुकुट आला, बहुपत्नीत्व आलं, विरोध करणाऱ्यांना देहदंड आला आणि शेवटी उपासमार. जून १५३५मध्ये शहर पडलं. यान आणि त्याच्या दोन साथीदारांना १५३६च्या जानेवारीत हालहाल करून मारलं आणि प्रेतं लोखंडी पिंजऱ्यांत घालून चर्चच्या मनोऱ्यावर टांगली. ते तीन पिंजरे आजही संत लँबर्ट चर्चवर आहेत. स्वतःला गरिबांचं राज्य म्हणवणाऱ्या शहरात राजा जेवत होता आणि लोक गवत खात होते, हे वाचलं की मला ‘राज्य देव आणतो, माणूस नाही’ या वाक्याची किंमत कळते.

त्याच पंथातून पुढे मेनो सायमन्सने उरलेल्यांना गोळा केलं, तलवार कायमची खाली ठेवायला लावली. आजचे मेनोनाइट त्याचे वारस. ते लष्करी सेवेला नकार देतात. एवढ्या मोठ्या विध्वंसातून एक समाज असं काही शिकला, याचं मला फार मोल वाटतं.

तारखांचंही थोडक्यात. विल्यम मिलर, अमेरिकेतला शेतकरी आणि बॅप्टिस्ट उपदेशक. दानीएलच्या आठव्या अध्यायातले २३०० दिवस त्याने वर्षं धरली. त्याच्या चळवळीत शेवटी २२ ऑक्टोबर १८४४ ही तारीख ठरली. काहींनी शेतातलं पीक उभंच ठेवलं होतं. ती रात्र सरली आणि माणसं रडली. त्या दिवसाला ‘मोठी निराशा’ असंच नाव पडलं. १८६३मध्ये संघटित झालेली सेव्हन्थ-डे ॲडव्हेंटिस्ट मंडळी त्याच धाग्यातून आली. त्यांच्या मते त्या दिवशी ख्रिस्ताने स्वर्गीय मंदिरात आपल्या सेवेचा शेवटचा टप्पा सुरू केला.

---

पहाटतारा

इतिहासवेडी ताई, डार्बींबद्दलचं मान्य. तारखा ठरवणं मीही पाप मानतो. तो दिवस आणि ती घटका पुत्रालाही ठाऊक नाही, पित्यालाच ठाऊक आहे, असं मार्कच्या तेराव्या अध्यायात प्रभू स्वतः सांगतो. पण तारखा चुकल्या म्हणून वचन चुकत नाही.

---

चिकित्सक

इथेच माझा प्रश्न. तारखा मिलरच्या चुकल्या म्हणता, पण मार्क ९:१ वाचा. इथे उभ्या असलेल्यांपैकी काही जण देवाचं राज्य सामर्थ्याने आलेलं पाहीपर्यंत मरण चाखणार नाहीत, असं येशू म्हणतो. ते सगळे गेले. पौलही थेस्सलनीकाच्या पत्रात ‘आपण जे जिवंत उरू’ असं लिहितो, म्हणजे आपल्या हयातीतच होईल अशी त्याची अपेक्षा दिसते. बायबलचे अभ्यासक अल्बर्ट श्वाइट्झर यांनी १९०६मध्ये हेच स्पष्ट मांडलं: येशूची जगाच्या अंताची अपेक्षा खरी होती, जवळची होती आणि ती पुरी झाली नाही. दोन हजार वर्षं ‘लवकरच’ म्हणत राहणं मला प्रामाणिक वाटत नाही.

---

वाटसरू

@चिकित्सक, हा प्रश्न टाळून या विषयावर बोलताच येत नाही, म्हणून बरं झालं तुम्ही विचारलात.

पारंपरिक उत्तरं तुम्हाला ठाऊक असतील. मार्कमध्ये त्या वाक्यानंतर लगेच, सहा दिवसांनी, डोंगरावर येशूचं रूपांतर होतं, त्याकडे बोट दाखवतात. कुणी पुनरुत्थान आणि पन्नासाव्या दिवशी झालेला आत्म्याचा वर्षाव म्हणतात. कुणी इ.स. ७०मध्ये रोमनांनी मंदिर पाडलं तो न्याय म्हणतात. यातलं एकच उत्तर पुरं पडतं असं मला वाटत नाही.

मला जास्त बोलकी वाटते ती योहानाच्या शुभवर्तमानाच्या शेवटी आलेली नोंद. ‘तो शिष्य मरणार नाही’ अशी बोलवा बंधुवर्गात पसरली होती, पण येशूने तसं म्हटलं नव्हतं, असं तिथे मुद्दाम लिहिलंय. म्हणजे पहिली पिढी मरत होती, प्रश्न टोचत होता आणि लिहिणाऱ्यांनी तो झाकला नाही. मार्कचं ते अवघड वाक्यही मत्तय आणि लूक यांनी गाळलं नाही, थोड्या फरकाने ठेवलं. श्रद्धा त्या एका मुदतीवरच टांगलेली असती तर ती पहिल्या शतकातच विझली असती.

श्वाइट्झर यांचं एक मोठं काम मानायला हवं. एकोणिसाव्या शतकातल्या विद्वानांनी येशूला निव्वळ सज्जन नीतिशिक्षक करून टाकलं होतं. त्याच्या तोंडचं राज्य म्हणजे आकाश फाडून येणारी देवाची कृती आहे, हे श्वाइट्झर यांनी पुन्हा ठासून सांगितलं. पुढे १९३५मध्ये अभ्यासक सी. एच. डॉड यांनी उलट टोक धरलं: राज्य येशूबरोबर येऊन झालंय. धर्मशास्त्रज्ञ ऑस्कर कुलमान यांनी १९४६मध्ये दोन्ही जोडलं, तेही ताज्या युद्धाच्या आठवणीने. युद्धाचा निकाल लावणारी लढाई आधी जिंकली जाते, पण विजयाचा दिवस नंतर उगवतो. मधल्या काळात माणसं मरत राहतात, तरी निकाल फिरत नाही. ख्रिस्ताचा वधस्तंभ आणि पुनरुत्थान ही ती लढाई. आज अनेक मंडळ्यांत ‘आलंय, तरी यायचंय’ हे जे ऐकू येतं ते या वाटेने आलं.

म्हणून ‘लवकरच’ हे मला वेळापत्रक वाटत नाही. निकाल लागलेला असताना जगणं कसं असावं, हे ते सांगतं. तुम्हाला हे पटेलच असं नाही. पण मी प्रामाणिकपणे असंच वाचतो.

---

पानगळ

कॅथलिक बाजूने थोडं, कारण वाटसरूंनी मध्ययुगातल्या सत्तेचा उल्लेख केला.

तो आरोप खरा आहे. पण ख्रिस्तसभेची आजची अधिकृत शिकवण ‘चर्च वाढत वाढत जग जिंकेल आणि मग राज्य येईल’ अशी नाही, तिच्या जवळजवळ उलट आहे. १९९२च्या कॅथलिक धर्मशिक्षण ग्रंथात परिच्छेद ६७५ ते ६७७ बघा. चर्चला शेवटी एका मोठ्या परीक्षेतून जावं लागेल, तीही आपल्या प्रभूच्या मागोमाग मरण आणि पुनरुत्थान या वाटेने. राज्य पुरं होईल ते चर्चच्या ऐतिहासिक विजयाने नाही, तर दुष्टाईच्या शेवटच्या उठावावर देवाने मिळवलेल्या विजयाने. आणि इतिहासाच्या आतच ते राज्य आम्ही उभारून दाखवतो, असा दावा कुणीही केला, धर्माच्या नावाने वा राजकारणाच्या, तरी तो ख्रिस्तविरोधकाचा फसवा दावा, इतक्या कडक शब्दांत तिथे लिहिलंय.

ख्रिस्त राजाचा सण १९२५मध्ये पोप अकरावे पायस यांनी सुरू केला. महायुद्ध होऊन गेलं होतं, इटलीत मुसोलिनीची सत्ता होती, राष्ट्र हेच दैवत होऊ पाहत होतं. त्या वेळी ‘राजा एकच आणि तो काट्यांचा मुकुट घातलेला’ असं म्हणणं साधं नव्हतं. आता तो सण उपासनेच्या वर्षाच्या शेवटच्या रविवारी येतो आणि त्याच्या पुढच्या रविवारी आगमनकाळ सुरू होतो, म्हणजे वाट पाहणं.

ऑर्थोडॉक्स उपासनेतली एक गोष्ट मला फार भिडते. संत जॉन क्रिसोस्तोम यांच्या उपासनाविधीची सुरुवातच ‘पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांचं राज्य धन्य’ अशी होते. पुढे याजक देवाने आपल्यासाठी जे जे केलं त्याचं स्मरण करतो: वधस्तंभ, कबर, पुनरुत्थान, स्वर्गारोहण आणि त्याच ओळीत दुसरं येणंही. जे अजून व्हायचंय त्याचंही स्मरण! ते लोक राज्यावर वाद कमी घालतात आणि त्यात उभे जास्त राहतात.

---

उजेडवाट

सगळं वाचलं. पण धागा बराचसा ‘कधी’ आणि ‘कोणत्या क्रमाने’ यात अडकलाय. भुकेल्याचं काय?

वॉल्टर राउशेनबुश १८८६पासून न्यूयॉर्कच्या हेल्स किचन या गरीब वस्तीत जर्मन बॅप्टिस्ट मंडळीचे पाळक होते. तिथे लहान मुलांच्या अंत्यविधींनी त्यांचं काळीज फाटलं. त्यातून त्यांनी विचारलं की आत्मे वाचवायचे आणि त्या आत्म्यांना मारणारी व्यवस्था तशीच सोडायची, हे कोणतं राज्य? १९७१मध्ये पेरूच्या गुस्ताव्हो गुतिएरेझ यांनी मुक्तीचं धर्मशास्त्र मांडलं तेव्हा प्रश्न तोच होता. लूकच्या चौथ्या अध्यायात येशू नासरेथच्या सभास्थानात यशयाचा लेख उघडतो: दीनांना सुवार्ता, बंदिवानांना सुटका, ठेचले गेलेल्यांना मोकळीक. आणि म्हणतो, हे आज पुरं झालंय. ‘आज’!

वाटसरू, ‘राज्य देव आणतो, माणूस नाही’ हे तुमचं वाक्य धोकादायक आहे. ते फार वेळा पोट भरलेल्यांनी उपाशी माणसाला ऐकवलंय.

---

वाटसरू

उजेडवाट, तुमचा राग रास्त आहे आणि हा प्रतिसाद या धाग्याला हवाच होता. तरी मी ते वाक्य सोडणार नाही. का, ते एका माणसाच्या आधाराने सांगतो.

क्रिस्टोफ ब्लुमहार्ट, जर्मनीतल्या बाड बोलचे पाळक. त्यांचे वडील योहान आणि ते, दोघांचाही ठाम विश्वास की राज्य देवच आणतो. तरीही १८९९मध्ये क्रिस्टोफ कामगारांच्या सोशल डेमोक्रॅटिक पक्षात गेले. त्यासाठी पाळकपद सोडावं लागलं. १९००मध्ये ते व्यूर्टेंबर्गच्या विधिमंडळावर निवडून आले. पेत्राच्या दुसऱ्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायात देवाच्या दिवसाची वाट पाहा आणि तो लवकर यावा म्हणून झटा, असं एकाच दमात म्हटलंय. ब्लुमहार्ट यांचं आयुष्य त्या एका ओळीवर चाललं. धर्मशास्त्रज्ञ कार्ल बार्थ यांच्यावर त्यांचा खोल ठसा आहे. १९३४मध्ये हिटलरच्या राज्याला चर्चने देवाचं राज्य मानू नये म्हणून जो बार्मेनचा जाहीरनामा निघाला, तो मुख्यतः बार्थ यांनीच लिहिला. त्याच्या पाचव्या कलमात स्पष्ट आहे की शासनाचं काम न्याय आणि शांती राखणं एवढंच. ते माणसाच्या जीवनाची एकमेव आणि सर्वंकष व्यवस्था होऊ शकत नाही.

‘राज्य देव आणतो’ हे वाक्य हुकूमशहाला असं ऐकवता येतं. तुम्ही दाखवलेला गैरवापर खरा आहे. पण ते वाक्य टाकून दिलं तर मुन्स्टर थांबवायला आपल्याकडे काहीच उरत नाही. आणि मत्तय २५मध्ये राजा न्यायाला बसतो तेव्हा क्रम कुणाला बरोबर कळला होता हे विचारत नाही. भुकेल्याला कुणी खायला दिलं, तुरुंगातल्याला कुणी भेटलं, हे विचारतो. तिथे तुम्ही आणि मी एकाच बाकावर आहोत.

पहाटतारा, यशया ६५ची उधारी आहे. त्याच अध्यायात सतराव्या ओळीत देव ‘नवं आकाश आणि नवी पृथ्वी’ उत्पन्न करतो असं आधी आहे आणि तुमचं शंभर वर्षांचं वाक्य त्यानंतर, त्याच चित्रात येतं. म्हणजे यशया मधला काळ सांगत नाही. ज्या लोकांनी लेकरं पुरली होती त्यांना त्यांच्या अनुभवाच्या भाषेत नवी पृथ्वी सांगतो, असं मी वाचतो.

---

पहाटतारा

विचार करण्यासारखं आहे, पण पूर्ण पटलं नाही. ‘पाप करणारा शंभराव्या वर्षी शापित होईल’ हेही त्याच ओळीत आहे. नव्या पृथ्वीवर पापी कुठून येणार?

आणखी एक. तुम्ही म्हणता राज्य या पृथ्वीवरच. पण तुमच्याच त्या पेत्राच्या तिसऱ्या अध्यायात सृष्टितत्त्वं आगीने वितळून जातील असं आहे. जी पृथ्वी जळणार तिच्यावर राज्य कसं?

---

वाटसरू

पापी कुठून येणार हा प्रश्न माझ्या वाचनाला खरंच जड जातो. त्याच्यावर ‘चित्राची भाषा’ एवढंच माझं उत्तर आहे आणि तुम्हाला ते अपुरं वाटणं साहजिक आहे.

आगीबद्दल मात्र ठाम आहे. पेत्र त्याच अध्यायात नोहाच्या जलप्रलयाचं उदाहरण देतो: तेव्हाचं जग पाण्याने नाश पावलं. पण पृथ्वी तीच राहिली, दुष्टाई वाहून गेली. आगही तशीच वाचायला हवी. रोमकरांस पत्राच्या आठव्या अध्यायात पौल सांगतो की सगळी सृष्टी प्रसूतीच्या वेणा सोसतेय आणि नाशाच्या गुलामीतून तिची सुटका होणार आहे. टाकून द्यायच्या गोष्टीची कुणी सुटका करत नाही. शिवाय येशूची कबर रिकामी होती. देवाने जुनं शरीर टाकून नवं दिलं नाही, तेच उठवलं, जखमांच्या खुणांसकट. पृथ्वीचंही तसंच होईल अशी माझी श्रद्धा आहे.

---

कुतूहल

घरोघरी पुस्तिका घेऊन येणारे यहोवाचे साक्षीदारही ‘पृथ्वीवर नंदनवन’ असंच सांगतात ना? ते आणि तुम्ही एकच का? आणि मला हे मुळातून वाचायचं असेल तर सुरुवात कुठून करू?

---

इतिहासवेडी

एक नाही. त्यांच्या मते ख्रिस्ताचं राज्य १९१४मध्ये स्वर्गात अदृश्यपणे सुरू झालं, १,४४,००० निवडलेले त्याच्याबरोबर स्वर्गातून राज्य करतील आणि बाकीचे विश्वासू पृथ्वीवर कायम राहतील. ते त्रैक्य (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव) मानत नाहीत, त्यामुळे इतर मंडळ्या त्यांना आपल्यात धरत नाहीत. पण त्या राज्यावरची निष्ठा म्हणून ते सैन्यात जात नाहीत आणि नाझी राजवटीत त्यासाठी छळछावण्यांत गेले, हेही नोंदवायला हवं.

---

वाटसरू

@कुतूहल, प्रकटीकरणापासून सुरुवात करू नका. आधी मार्क, एका बैठकीत, सलग. मग दानीएल दुसरा आणि सातवा अध्याय, म्हणजे ‘मनुष्याचा पुत्र’ हे शब्द येशू कुठून घेतो ते दिसेल. त्यानंतर रोमकरांस आठवा आणि पहिलं करिंथकरांस पंधरावा. प्रकटीकरण उघडाल तेव्हा पहिले तीन अध्याय सोडू नका. ती आशिया मायनरमधल्या सात खऱ्या मंडळ्यांना लिहिलेली पत्रं आहेत आणि पुढची सगळी चित्रं त्या लोकांना धीर यावा म्हणून आहेत. विसावा अध्याय सगळ्यांत शेवटी वाचा आणि अडलात की इथेच विचारा. पहाटतारा आणि मी दोघेही उत्तर देऊ, वेगवेगळं.